वाक्संप्रदाय आणि परीक्षक : इंग्रजी व्याकरणांतील एका प्रश्नाचा इतिहास

परक्या भाषेंत शुद्ध लिहितां येणें निराळें आणि त्या भाषेंत घरच्यासारखें वावरतां येणें निराळें. या दोहोंमधील अंतर मोजण्याचें माप अद्यापि कोणास सांपडलेलें नाहीं. परंतु तें मोजण्याचा उद्योग मात्र अडीचशें वर्षें अव्याहत चालूं आहे. इंग्रजी भाषेच्या परीक्षांत जो एक प्रश्न हटकून येतो तो याच उद्योगाचें फळ होय. एक वाक्य द्यावयाचें, त्यांतील कांहीं शब्दांखालीं रेघ ओढावयाची, आणि खालीं चार-पांच पर्याय मांडून खरा कोणता तें विचारावयाचें. 'डिफरंट' या शब्दापुढें 'फ्रॉम' लावावा कीं 'दॅन'? 'कन्सिडर्ड' नंतर 'ॲज' चालतो कीं नाहीं? 'इन अ केअरफुल मॅनर' असे चार शब्द खर्चावे कीं 'केअरफुली' या एकावर भागवावें? प्रश्न दिसावयास चिमुकला. पण त्याच्या उत्तरावर कोणाची नोकरी, कोणाची शिष्यवृत्ति, तर कोणाचें परदेशगमन अवलंबून राहिलेलें आहे. म्हणून त्याची कुळकथा एकदां पाहून घेणें अस्थानीं होणार नाहीं.

आरंभींच एक भेद ध्यानांत ठेवला पाहिजे. वर दिलेल्या प्रश्नांत वस्तुतः दोन निरनिराळ्या गोष्टी विचारलेल्या आहेत. चार शब्दांचें काम एक शब्द करीत असेल तर तो एकच घ्यावा, ही गोष्ट ज्याला विचार करतां येतो त्याला कोणत्याहि भाषेंत कळते. अर्धी मात्रा वाचली तर पुत्रजन्माचा आनंद मानणाऱ्या वैयाकरणांच्या देशांत तर ती समजावून सांगण्याचेंहि कारण नाहीं. पण 'डिफरंट' नंतर 'फ्रॉम'च कां, याला विचार करून उत्तर मिळत नाहीं. आपल्या मराठींतच पहा. आपल्याला भीति 'वाटते', लाज 'वाटते', पण राग 'येतो'. रात्रीं उशिरां आपला डोळा लागला म्हणजे आपण झोंपलों, आणि कोणाच्या वाटेकडे आपले डोळे लागले म्हणजे झोंप उडाली! एकवचनाचें अनेकवचन झाल्याबरोबर अर्थ असा पालटावा याला कोणतें सूत्र आहे? मराठी घरांत वाढलेल्या पांच वर्षांच्या मुलाला तें येतें, आणि मराठी शिकलेल्या परकी पंडिताला तें तोंडपाठ करावें लागतें. पहिल्या गोष्टीला आपण शब्दलाघव म्हणूं, दुसरीला वाक्संप्रदाय. लाघव बुद्धीनें साधतें. संप्रदाय संगतीनें येतो. परीक्षकांनीं या दोहोंना एकाच टोपलींत घातलें, हें या इतिहासांतील मर्म आहे.

चुकीचें वाक्य मुद्दाम विद्यार्थ्यापुढें ठेवून तें सुधारावयास सांगण्याची रीति इंग्लंडांत अठराव्या शतकाच्या मध्यास रूढ झाली. न्यूकॅसल येथील ॲन फिशर नांवाच्या शिक्षिकेच्या व्याकरणांत असे पाठ आढळतात. स्त्रियांनीं व्याकरण लिहावें हें त्या काळीं नवलच होतें. परंतु तिच्या पुस्तकाच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या, आणि 'अशुद्ध इंग्रजी'चे पाठ शाळांतून स्थिर झाले. तिच्यानंतर १७६२ सालीं रॉबर्ट लौथ या धर्मोपदेशकाचें छोटेखानी व्याकरण निघालें. लौथ पुढें लंडनचा बिशप झाला. त्यानें चुकांचीं उदाहरणें कोठून घेतलीं म्हणाल तर शेक्सपिअर, मिल्टन, पोप आणि खुद्द बायबलचें इंग्रजी भाषांतर यांतून! ज्यांच्या लेखणीनें भाषा घडविली त्यांनाच विद्यार्थ्यांच्या बांकावर बसवून त्यानें त्यांच्या पाट्या तपासल्या. वाक्याच्या शेवटीं शब्दयोगी अव्यय लोंबत ठेवूं नये हें मत त्याच्या नांवावर चालतें. गंमत अशी कीं, इंग्रजी भाषेचा कल तिकडेच आहे असें कबूल करतांना त्याचें स्वतःचें वाक्य तशाच अव्ययावर संपलें आहे. हा विनोद त्यानें बुद्धिपुरस्सर केला असावा असें आम्हांस वाटतें. पण त्याच्या शिष्यांना विनोद कळला नाहीं, नियम मात्र उरला.

त्याच सुमारास दुसरें मतहि मांडलें जात होतें. रसायनशास्त्रज्ञ म्हणून पुढें कीर्ति पावलेल्या जोसेफ प्रीस्टली यानें १७६१ मध्यें व्याकरण लिहिलें तें लोकांच्या वहिवाटीला प्रमाण मानून. १७७६ मध्यें स्कॉटलंडच्या जॉर्ज कॅम्बेलनें वहिवाट कोणती प्रमाण मानावी याच्या तीन कसोट्या सांगितल्या : ती प्रतिष्ठित असावी, राष्ट्रव्यापी असावी, आणि प्रचलित असावी. शास्त्र म्हणून पाहिलें तर पक्ष कॅम्बेलचाच बळकट आहे. परंतु परीक्षेच्या कामाला तो निरुपयोगी! वहिवाट बदलते, प्रांतोप्रांतीं निराळी असते, आणि तिच्यावर गुण देतां येत नाहींत. नियम तेवढा परीक्षकाच्या हातीं छडीसारखा बसतो. म्हणून पुढील शतकांत राज्य चाललें तें लिंडले मरे याचें. हा मूळचा अमेरिकन वकील. प्रकृतीसाठीं इंग्लंडांत यॉर्क येथें येऊन राहिला, आणि जवळच्या मुलींच्या शाळेकरितां म्हणून त्यानें १७९५ मध्यें जें व्याकरण लिहिलें तें अटलांटिकच्या दोन्ही तीरांवर लाखांनीं खपलें. त्यांत लौथ जवळजवळ जसाच्या तसा उतरला आहे.

एखाद्याची वैयक्तिक आवड सर्वांचा कायदा कशी होते याचा नमुना पाहावयाचा असेल तर 'लेस' आणि 'फ्यूअर' हे दोन शब्द घ्यावे. मोजतां येणाऱ्या वस्तूंपुढें 'फ्यूअर' वापरावा, 'लेस' वापरूं नये, हा नियम आज प्रत्येक परीक्षार्थी घोकतो. १७७० मध्यें रॉबर्ट बेकर नांवाच्या गृहस्थानें इंग्रजी भाषेवरील आपल्या पुस्तकांत एवढेंच लिहिलें कीं, अशा ठिकाणीं 'फ्यूअर' आपल्याला अधिक बरा वाटतो. 'वाटतो' एवढेंच! त्याच्या पूर्वीं नऊशें वर्षें, थेट आल्फ्रेड राजाच्या काळापासून, इंग्रज लोक मोजतां येणाऱ्या वस्तूंविषयीं 'लेस' खुशाल म्हणत आले होते. बेकरची आवड पुढच्या व्याकरणकारांनीं उचलली, त्यांच्यापासून शाळामास्तरांनीं घेतली, आणि शेवटीं ती प्रश्नपत्रिकेंत जाऊन बसली. प्रश्नपत्रिकेंत बसलेली गोष्ट तेथून सहसा उठत नाहीं.

आतां हा प्रश्न आपल्या देशांत कसा आला तें पाहूं. इंग्लंडांत तो इंग्रज मुलांच्या बोलण्यावर पॉलिश चढविण्यासाठीं होता. येथें त्याचा अर्थच पालटला. १८५४ मध्यें मेकॉलेच्या समितीनें हिंदुस्थानच्या सनदी नोकरीकरितां चढाओढीच्या परीक्षेची योजना आंखली. तींत केवळ इंग्रजी निबंधलेखनास ५०० गुण होते, आणि संस्कृत भाषेस ३७५. ज्या देशाचा कारभार करावयाचा त्या देशाच्या देववाणीपेक्षां इंग्रजी निबंधाचें वजन एकतृतीयांशानें अधिक! परीक्षा सर्वांस खुली. पण ती लंडनला. पुढें १८५७ मध्यें मुंबई, कलकत्ता व मद्रास येथें विद्यापीठें निघालीं, आणि प्रवेशपरीक्षेच्या दारांत इंग्रजी उभें राहिलें. मुलगा गणितांत कितीहि हुशार असो, इंग्रजींत आपटला कीं घरीं परत. आपल्या किती घरांतून हें दुःख दोन-तीन पिढ्या भोगलें गेलें तें वाचकांस सांगावयास नको.

अशा वेळीं विद्यार्थी काय करणार? संगत नाहीं, म्हणून पाठांतर. वाक्संप्रदायांच्या याद्या छापल्या गेल्या, आणि मुलांनीं त्या रामरक्षेसारख्या म्हटल्या. याचें फळ १८७३ मध्यें कलकत्त्यास दिसलें. तेथील हायकोर्टाचे न्यायाधीश अनुकूलचंद्र मुकर्जी वारल्यावर त्यांच्या पुतण्यानें, महेंद्रनाथानें, त्यांचें इंग्रजी चरित्र लिहिलें. इंग्रजीच्या सबंध भांडारांत जितके म्हणून अलंकार सांपडले तितके त्यानें चुलत्याच्या मृत देहावर घातले. शोकाच्या वाक्यांत बाजारी म्हण, मृत्यूच्या वर्णनांत लॅटिन वचन, आणि एका पानावर दहा वाक्प्रचार. व्याकरणाची चूक दाखवूं म्हटलें तर तितकीशी नाहीं. पण ज्याची त्याची जागा चुकलेली. ज्या शब्दाला मित्रमंडळींत बसण्याची संवय तो स्मशानांत आणून उभा केलेला. इंग्रजांनीं हें पुस्तक डोक्यावर घेतलें, तें हंसण्याकरितां. 'बाबू इंग्लिश' ही थट्टेची एक स्वतंत्र शाखाच निघाली. 'पंच' पत्रांत अँस्टीनें बाबू जबरजी, बी. ए. हें पात्र उभें केलें, तें १८९७ मध्यें पुस्तकरूपानें आलें. त्या हंसणारांपैकीं एकालाहि असें वाटलें नाहीं कीं, हा मुलगा आपण दिलेलाच धडा म्हणून दाखवीत आहे. चुलत्यावरील त्याची भक्ति खरी होती. ती त्यानें बंगालींत लिहिली असती तर कोणी हंसलें नसतें, आणि इंग्रजांनीं ती वाचलीहि नसती.

या थट्टेखोरांहून अगदीं निराळा माणूस म्हणजे जॉर्ज क्लिफर्ड व्हिटवर्थ. हा मुंबई इलाख्यांतील सनदी नोकर. इकडील शब्दांचा एक कोशहि त्यानें १८८५ मध्यें प्रसिद्ध केला होता. १९०७ सालीं त्यानें 'इंडियन इंग्लिश' या नांवाचें पुस्तक काढलें, त्याचा विषय हिंदी लोकांच्या इंग्रजी लेखनांतील संप्रदायाच्या चुका हा होय. पण आरंभ केला तो हिंदी लोकांनीं इंग्रजीवर जें प्रभुत्व मिळविलें त्याची मनापासून वाखाणणी करून. नंतर उपपदांपासून शब्दयोगी अव्ययांपर्यंत एकेक चूक घेऊन, ती चूक कां, याचा तो न्यायाधीशासारखा शांतपणें विचार करतो. हंसत नाहीं. या पुस्तकाबद्दल आमचें मत असें आहे कीं, चुकांविषयीं लिहिलेल्या पुस्तकांत इतकें सभ्य पुस्तक विरळा. तरी त्याचीहि शेवटीं अडचण व्हावयाची ती झालीच. लाघवाच्या, अर्थाच्या, संदिग्धतेच्या चुका त्याला कारणें देऊन पटवितां येतात. परंतु जेथें शुद्ध संप्रदायाचा प्रश्न येतो तेथें त्यालाहि 'इंग्रज माणूस असें म्हणत नाहीं' यापलीकडे जातां येत नाहीं. न्यायाधीशाजवळहि कायदा नव्हता, साक्ष तेवढी होती.

शाळांसाठीं याच काळांत उत्तर हिंदुस्थानांतील शिक्षणाधिकारी नेसफील्ड यानें आपली व्याकरणमाला रचली. तींतील एका भागाच्या नांवांतच वाक्संप्रदाय, व्याकरण आणि वाक्यरचना यांची सांगड घातलेली आहे. पुढें रेन आणि मार्टिन या जोडीचें व्याकरण आलें, आणि तें अजूनहि गेलेलें नाहीं. यांतील पर्सिव्हल रेन हा शिक्षणखात्यांत असून मुंबई इलाख्यांतील कराचीस हेडमास्तर होता. इंग्लंडांत त्याला लोक ओळखतात ते 'बो जेस्ट' या १९२४ मधील साहसी कादंबरीचा कर्ता म्हणून. व्याकरण लिहिणारा तोच, हें तिकडे फारसें कोणाच्या गांवींहि नसतें. आपल्याकडे उलट : व्याकरण घरोघर, कादंबरीची खबर नाहीं. मराठी मुलांना मात्र या सर्वांच्या आधीं भेटे ती तर्खडकरांची भाषांतर पाठमाला. तिची युक्ति साधी होती. मराठी वाक्य आणि इंग्रजी वाक्य शेजारीं ठेवलीं म्हणजे दोहोंचे संप्रदाय कोठें फुटून निघतात तें मुलाला आपोआप दिसे. 'वाघाला भितो' याचें इंग्रजी करतांना 'ला'च्या जागीं 'टू' चालत नाहीं, 'ऑफ' घ्यावा लागतो, हें एकदां शेजारीं पाहिलें कीं पुरे. चार इंग्रजी पर्यायांत डोकें खुपसून बसण्यापेक्षां ही वाट आम्हांस शतपट शहाणपणाची वाटते.

एवढा वेळ संप्रदायाची कथा झाली. लाघवाची थोडक्यांत सांगणेंच शोभेल. अमेरिकेंत कॉर्नेल विद्यापीठांत विल्यम स्ट्रंक नांवाचे प्राध्यापक होते. त्यांनीं १९१८ मध्यें आपल्या विद्यार्थ्यांपुरतें एक चोपडें छापून घेतलें, त्यांतील अनावश्यक शब्द गाळा हा उपदेश पुढें जगभर झाला. त्यांचे विद्यार्थी ई. बी. व्हाइट यांनीं १९५९ मध्यें त्या चोपड्याची नवी आवृत्ति काढली. प्रस्तावनेंत ते सांगतात कीं, गुरुजींनीं इतके शब्द गाळले कीं तासाचा वेळ उरूं लागला, म्हणून प्रत्येक वाक्य ते तीनदां उच्चारीत! हें लाघव शिकण्यासारखें आहे यांत संशय नाहीं. 'रिटर्न बॅक' किंवा 'फ्री गिफ्ट' यांतील एकेक शब्द फुकट गेलेला आहे, हें 'विंध्याचल पर्वत' म्हणणाऱ्या आपल्यालाहि कळण्यासारखें आहे. मात्र लाघव आणि संप्रदाय यांची गांठ पडली म्हणजे मौज होते. 'नल अँड व्हॉइड' यांत दोन्ही शब्दांचा अर्थ एकच. 'सेफ अँड साउंड' यांतहि तेंच. लाघवाच्या न्यायानें एक शब्द हांकलून द्यावयास पाहिजे; पण संप्रदाय म्हणतो, खबरदार, ही जोडी फोडूं नका. आपल्या केरकचऱ्यांतून कचरा काढला, किंवा भाजीपाल्यांतून पाला काढला, तर व्यवहार चालेल, भाषा मात्र ओकीबोकी होईल. परीक्षार्थ्यानें अशा वेळीं कोणत्या गुरूचें ऐकावें? ज्यानें ती जोडी लहानपणापासून ऐकली आहे त्याला हा प्रश्नच पडत नाहीं. ज्यानें नियम पाठ केला आहे तोच फसतो.

यापुढची मजल यंत्राची. १९२६ च्या जून महिन्यांत अमेरिकेंतील महाविद्यालयांच्या प्रवेशासाठीं पर्यायी उत्तरांची 'एस. ए. टी.' ही परीक्षा प्रथम घेतली गेली. सुमारें आठ हजार मुलें बसलीं. थोड्याच वर्षांत पेन्सिलीच्या खुणा मोजणारें यंत्रहि निघालें. भाषेच्या शुद्धतेचे प्रश्न या परीक्षेला जोडले गेले ते १९७४ मध्यें. त्यापूर्वींच १९६४ मध्यें परदेशी विद्यार्थ्यांकरितां 'टोफेल' आणि १९५४ मध्यें व्यापारशिक्षणाकरितां पुढें 'जीमॅट' म्हणून गाजलेली परीक्षा सुरू झाली होती. निबंध तपासणारा परीक्षक कितीहि कडक असला तरी मुलाचें म्हणणें वाचतो, आणि एखादें अव्यय चुकलें तरी विचार पाहून दोन गुण टाकतो. यंत्राला दया नाहीं आणि शंकाहि नाहीं. पांच पर्याय, एक खरा, चार खोटे. 'डिफरंट टू' म्हणण्यास हरकत घेणें ही केवळ अंधश्रद्धा होय, असें हेन्री फौलरसारख्या इंग्रज वैयाकरणानें १९२६ च्या आपल्या कोशांत स्वच्छ लिहिलें आहे. तें ज्या वर्षीं छापलें गेलें त्याच वर्षीं ही परीक्षा जन्मली. पण फौलरची साक्ष पर्यायांच्या रांगेंत कोठें बसविणार?

ही खात्री किती पोकळ असूं शकते तें २००२ सालीं उघड झालें. त्या वर्षीं 'एस. ए. टी.'च्या पूर्वपरीक्षेंत टोनी मॉरिसन या लेखिकेच्या प्रतिभेविषयीं एक वाक्य होतें. त्यांत चूक नाहीं, असें परीक्षामंडळाचें उत्तर. मेरीलंडमधील एका शाळाशिक्षकानें हरकत घेतली : वाक्यांत 'टोनी मॉरिसनची प्रतिभा' असा षष्ठीचा प्रयोग आहे, नुसतें मॉरिसन हें नाम कोठें आलेलेंच नाहीं, मग पुढील 'तिला' हें सर्वनाम कोणाकडे जाईल? कांहीं व्याकरणग्रंथ असा प्रयोग खरोखरच निषिद्ध मानतात, बाकीचे त्यांकडे ढुंकूनहि पहात नाहींत. मंडळानें पुष्कळ महिने आपलाच हेका चालविला; अखेर २००३ मध्यें प्रश्न रद्द करून गुण फिरून मोजले. खरें पाहतां वाक्य निर्दोष होतें, असेंच आमचें मत आहे. पण ज्या परीक्षेनें वर्षानुवर्षें मुलांना केस चिरून दाखविला तिचाच केस एका मास्तरानें चिरला, यांत काव्यगत न्याय आहे.

त्यानंतर परदेशांत या प्रश्नाचा जोर ओसरत गेला. २००५ पासून 'टोफेल' परीक्षा नव्या संगणकी स्वरूपांत आली तेव्हां व्याकरणाचा स्वतंत्र भाग गळला. 'जीमॅट'मधून वाक्यशुद्धीचे प्रश्न २०२३ च्या नोव्हेंबरांत आलेल्या नव्या स्वरूपांत नाहींसे झाले. 'कन्सिडर्ड'पुढें 'ॲज' घालावा कीं नाहीं या विवंचनेंत ज्यांनीं रात्री जागविल्या त्यांना ही बातमी जरा उशिरांच पोंचली म्हणावयाची. आपल्याकडे मात्र केंद्र सरकारच्या नोकरभरतीच्या परीक्षांत वाक्प्रचाराचा अर्थ, अनेक शब्दांबद्दल एक शब्द, आणि वाक्यांतील चूक शोधणें हे तिन्ही प्रकार सुखरूप आहेत.

अशा परीक्षेच्या तयारींत 'प्रीपोन' हा शब्द विद्यार्थ्याला चूक म्हणून शिकवितात. पुढें ढकलणें याला 'पोस्टपोन', तर अलीकडे ओढणें याला 'प्रीपोन', अशी ही आपल्या लोकांच्या तोंडीं रुळलेली सोयीची जोडी. शब्दलाघवाच्या कसाला तो पूर्ण उतरतो. 'ब्रिंग फॉरवर्ड' या दोन शब्दांचें काम तो एकटा करतो. संप्रदायाच्या कसाला तो उतरत नाहीं, कारण इंग्लंडांत तसें म्हणत नाहींत. पण हिंदुस्थानांत म्हणतात, आणि कॅम्बेलच्या तीन कसोट्या येथें लावल्या तर राष्ट्रव्यापी व प्रचलित या दोहोंविषयीं तरी वाद होणार नाहीं. ऑक्सफर्डच्या कोशानेंहि त्याला हिंदी इंग्रजींतील शब्द म्हणून जागा दिली आहे. उमेदवारानें उत्तरपत्रिकेंत 'ब्रिंग फॉरवर्ड' वरच खूण करावी, आणि मुलाखतीची तारीख अलीकडे आली असें घरीं कळवितांना खुशाल 'प्रीपोन' लिहावें.